माणूस जड की फळी लहान?

अमेरिकेत जून लागला की तळ्यांवर बोटींची वर्दळ सुरू होते. ऑस्टिनजवळचे लेक ट्रॅव्हिस, अटलांटाजवळचे लेक लेनिअर, शार्लटजवळचे लेक नॉर्मन हे सगळे धरणांमागचे मोठे जलाशय. या शहरांत आता मराठी कुटुंबे चांगल्या संख्येने आहेत. चार-पाच कुटुंबे मिळून शनिवारी एखादी बोट भाड्याने घेतात, डबे भरून नेतात आणि दिवसभर पाण्यावर असतात. त्यात हल्ली वेकसर्फिंगचा कार्यक्रम असतोच. बोट पुढे जाते, तिच्या मागे लाट उठते, त्या लाटेवर एका फळीवर उभे राहायचे आणि तोल सापडला की हातातली दोरी सोडून द्यायची. त्यानंतर ओढणारे कुणी नाही. लाटच माणसाला पुढे नेत राहते.

बारा-चौदा वर्षांची मुले तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात उभी राहतात. पंचेचाळीस वर्षांचा, ९५ किलो वजनाचा बाप मात्र सात-आठ वेळा आपटतो. हात भरून येतात, नाकातोंडात पाणी जाते, बोटीवरची मंडळी हसतात. ‘आपल्या देहाला हे झेपायचे नाही’ असे म्हणत तोही हसून वर येतो आणि पुन्हा पाण्यात उतरत नाही.

हे निदान बहुतेक वेळा चुकलेले असते. बोटीत जी फळी होती ती मुलांच्या मापाची, साडेचार फुटांची होती, एवढेच. साठ किलोच्या माणसाला तिने लीलया उचलले असते. पंच्याण्णव किलोला उचलण्याइतकी ती मोठीच नव्हती.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. शनिवारच्या करमणुकीत एखाद्याला उभे राहता आले नाही तर काय बिघडले? पण वजन जास्त असलेल्या माणसाला आयुष्यभर एकच सल्ला मिळत असतो: व्यायाम करा. आणि व्यायामाच्या जवळपास प्रत्येक ठिकाणी त्याला जागा अपुरी पडते. सायकलची सीट बोचते, जिममधल्या पट्ट्यावर पाच मिनिटांत गुडघे बोलू लागतात, मैदानावर लोक बघतात. चालताना गुडघ्यावर पडणारा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे अभ्यासातून दिसले आहे. पाण्यात मात्र हाच देह हलका होतो. जिथे जड माणसाला निसर्गतःच सवलत आहे तिथूनही तो चुकीच्या मापाच्या एका फळीमुळे परत फिरत असेल, तर ते नुकसान लहान नाही.

फळी तरंगवत नाही, वेग उचलतो

पहिला गैरसमज असा की फळी माणसाला तरंगवते. हिशेब करून पाहावा. वेकसर्फिंगच्या एखाद्या फळीचे आकारमान तीसेक लिटर धरू. ती पूर्ण पाण्याखाली दाबली तर आर्किमिडीजच्या नियमाने तीस लिटर पाणी बाजूला सरेल, म्हणजे वर ढकलणारा जोर तीस किलोचा. त्यातून फळीचे स्वतःचे तीन-चार किलो वजा जातील. उरलेल्या जोरावर थांबलेल्या पाण्यात ९५ किलोचाच काय, ५० किलोचा माणूससुद्धा उभा राहू शकणार नाही. वल्हे मारत उभ्याने चालवायच्या पॅडलबोर्डाचे आकारमान दोनशे लिटरच्या वर असते, म्हणून त्यावर नुसते उभे राहता येते. वेकसर्फच्या फळीचे काम वेगळे आहे. ती पाण्यावरून वेगाने सरकते, सरकताना पाणी खाली ढकलते आणि पाणी तिला वर ढकलते. नदीत चपटा दगड तिरपा फेकून भाकऱ्या काढतात, तिथे हेच घडते.

ही उचल दोन गोष्टींवर ठरते: पाण्याला टेकलेला फळीचा पृष्ठभाग आणि वेगाचा वर्ग. वेकसर्फिंगमध्ये बोटीचा वेग साधारण १६ ते १९ किलोमीटर असतो, वॉटर-स्कीइंगच्या मानाने बराच कमी. आता साठ किलोच्या माणसाऐवजी पंच्याण्णव किलोचा माणूस आला तर उचल दीडपटीहून थोडी जास्त लागेल. फळीची लांबी आणि रुंदी प्रत्येकी १५ टक्क्यांनी वाढवली तर पृष्ठभाग ३२ टक्क्यांनी वाढतो. बोट ताशी १७ ऐवजी १८ किलोमीटरने नेली तर उचल आणखी १२ टक्के वाढते. दोन्ही मिळून जवळजवळ दीडपट झाली. उरलेली तूट माणूस फळी किंचित तिरपी धरून भरून काढतो.

म्हणजे उपाय हाताशी आहे. फळी थोडी मोठी आणि बोट थोडी वेगात. नुसत्या वेगाने मात्र भागत नाही. वेग वाढला की लाट लांबट आणि उतरती होते, आणि घसरायला उतारच राहिला नाही तर दोरी सोडल्यावर माणूस मागे पडतो. या खेळात माणसाला पुढे नेणारी शक्ती शेवटी गुरुत्वाकर्षणाची; लाटेच्या उतारावरून तो सतत खाली घसरत असतो आणि लाट सतत त्याच्याखाली नवा उतार आणून देते. जड माणसाला हा उतार मोठा लागतो. म्हणून त्याच्या पाळीला बोटीच्या तळातल्या टाक्या पाण्याने नीट भरून घ्यायला सांगावे. या बोटींत मुद्दाम शेकडो किलो पाणी भरण्याची सोय असते, ते याच कामासाठी. बोट जितकी खोल बसेल तितकी लाट उंच. अर्थात बोटीवरच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या आत राहूनच. लाट मोठी व्हावी म्हणून वीस माणसे कोंबण्याचा मराठी उत्साह इथे नको.

कोणती फळी

बाजारात दोन जाती दिसतात. एक सर्फ-पद्धतीची: लांब, जाड, कडा भरीव, बुडाला दोन-तीन मोठे फिन, म्हणजे माशाच्या परासारखे पंख. दुसरी स्किम-पद्धतीची: पातळ, हलकी, फिन अगदी लहान, लाटेवर गिरकी घेण्यासाठी बनवलेली. दुकानातल्या चित्रफितीत जे तरुण भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात त्यांच्या पायाखाली बहुधा दुसरी असते. नवशिक्याने, आणि त्यातही जड नवशिक्याने, तिच्याकडे बघूही नये. ती निसटते म्हणूनच ती चांगली मानली जाते, आणि शिकणाऱ्याला निसटणारी फळी नको असते.

मापाचा सर्वसाधारण अंदाज असा धरावा. सत्तर किलोपर्यंतच्या माणसाला साडेचार ते पावणेपाच फुटांची फळी पुरते. नव्वद किलोच्या पुढे पाच फूट दोन इंचांखाली जाऊ नये. साडेपाच फूट असेल तर आणखी बरे. एकशे दहाच्या पुढे साडेपाच ते सहा फूट. प्रत्येक उत्पादक फळीबरोबर वजनाचा तक्ता देतो आणि तो पाहावाच, कारण सारख्या लांबीच्या दोन फळ्या जाडीत आणि रुंदीत अगदी वेगळ्या असू शकतात. तक्ता वाचताना दोन पथ्ये पाळावीत. एक, वजन खरे सांगावे. घरच्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी जे दिसते त्यात लाइफ जॅकेट आणि भिजलेले कपडे मिळवायचे असतात. दोन, तक्त्यातली कमाल मर्यादा बहुतेकदा ज्याला उभे राहता येते त्याला धरून असते. शिकणाऱ्याने आपले वजन एखाद्या मापाच्या वरच्या टोकाशी येत असेल तर सरळ पुढचे माप घ्यावे. मोठ्या फळीचा तोटा एवढाच की ती वळायला सुस्त असते, आणि पहिल्या मोसमात वळायचे कुणाला असते?

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, आणि तिच्याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. जड माणसाचा मागचा पाय फळीच्या शेपटाकडे जास्त दाब देतो. शेपूट निमुळते असेल तर ते बुडते, फळीचे नाक वर येते आणि लाट हातची जाते. म्हणून शेपूट रुंद, बोथट कापलेले हवे. नाकाशीही फळी फार टोकदार नको. बाजूने पाहिले तर फळीला होडीसारखा बाक असतो, त्याला रॉकर म्हणतात. तो कमी असलेली, सपाटीकडे झुकणारी फळी जास्त वेगाने धावते आणि वजन सहज पेलते. फिनांच्या बाबतीत सुरुवातीला मोठे तीन फिन असावेत. ते काढता-घालता येतात, त्यामुळे पुढे कौशल्य आले की लहान लावता येतात.

साहित्याबद्दल दुकानदार बरेच बोलेल. साच्यात दाबून बनवलेल्या, वर मऊ फोमचा थर असलेल्या फळ्या स्वस्त आणि दणकट असतात, थोड्या जड असतात. फायबरग्लास किंवा कार्बनच्या फळ्या हलक्या, चपळ आणि महाग. शंभर किलोच्या माणसाने फळीतला एक किलो वाचवण्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. एकूण भारात तो एक टक्का आहे. शिवाय हलक्या फळीचा पृष्ठभाग भरभक्कम टाचेखाली दबतो, खळगे पडतात, आणि धक्क्यावर आपटली तर कड फुटते. पहिली फळी साच्यातली घ्यावी. तिच्यावर वरून रबरी पॅड पूर्ण पसरलेले असावे, नुसते शेपटाकडे नको, कारण नवशिक्याचा पाय कुठे पडेल हे त्यालाच ठाऊक नसते.

आणि खरे तर पहिल्या दिवशी घेऊच नये. बोट भाड्याने देणाऱ्याकडे मोठी फळी आहे का हे आधी फोन करून विचारावे. बरेच जण बोटीबरोबर जी फळी देतात ती मधल्या मापाची असते, म्हणजे जड माणसासाठी लहानच.

तक्त्याला स्नायू दिसत नाहीत

फळीचा तक्ता फक्त किलो ओळखतो. ते किलो कशाचे आहेत हे त्याला कळत नाही, आणि भारतीय शरीराच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंची आणि वजनाचे गुणोत्तर सारखे असूनही आतली घडण किती निराळी असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. मधुमेहाच्या संदर्भात हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. पाण्यातही ते लागू पडते.

फुटबॉल खेळून मोठा झालेला ९५ किलोचा टेक्सासचा माणूस आणि संगणकापुढे बसून ९५ किलोंवर पोचलेला पुण्याचा माणूस यांना तक्ता एकच फळी सांगेल. लाटेवर एकदा उभे राहिल्यावर दोघांत फारसा फरक नाहीही. फरक पडतो तो पाण्यातून उठण्याच्या पहिल्या चार सेकंदांत, जिथे पकड, मांड्या आणि कंबर यांची ताकद लागते. म्हणून दुसऱ्याने तक्त्यापेक्षा एक माप मोठी फळी घेणे शहाणपणाचे. ती कमी वेगात उचलते, म्हणजे कमी ताकदीत उठता येते. आणि सहलीच्या आधी दीड-दोन महिने घरी काही तयारी करता येते. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, दारात लटकवलेल्या दांड्याला लोंबकळून पकड वाढवणे, भरलेल्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन चालणे. यासाठी जिमची फी भरावी लागत नाही.

उठण्याची रीत अशी. पाठीवर पडून पाण्यात तरंगायचे, फळी समोर आडवी, टाचा तिच्या कडेवर, गुडघे वाकवलेले, हात सरळ. बोट हळूहळू पुढे निघते, पाण्याच्या दाबाने फळी आपोआप तळपायांना चिकटते आणि बोट माणसाला वर काढते. यात माणसाने करायचे काम म्हणजे काहीच न करणे. दोरी छातीशी ओढली की सगळा भार दंडांवर आणि कमरेवर येतो. हात भरून येण्याचे आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरण्याचे हेच कारण. गुडघेही सरळ करू नयेत. वॉटर-स्कीइंगमध्ये पाय ताठ असताना जोराचा हिसका बसून मांडीमागचा स्नायू हाडापासून उपटला जाण्याच्या दुखापती डॉक्टरांना चांगल्या परिचयाच्या आहेत. इथे वेग कमी असतो, तरी सवय तीच हवी.

पोट मोठे असेल तर गुडघे छातीशी आणणे जमत नाही, ही खरी अडचण आहे आणि शिकवणारे सडपातळ तरुण ती ओळखत नाहीत. लांब फळीचा इथे आणखी एक उपयोग होतो. टाचा एकमेकींपासून दूर ठेवता येतात, गुडघे बाहेरच्या बाजूला उघडतात आणि पोटाला मध्ये जागा मिळते. उकिडवे बसायची सवय असलेल्यांना ही बैठक लवकर साधते. बोट चालवणाऱ्याला मात्र बजावून सांगावे लागते की जड माणूस मागे आहे म्हणून जास्त जोर लावायचा नसतो. गाडी पहिल्या गियरमध्ये चढावर काढावी तशी बोट काढायची. एकदम वेग दिला की फळी पायांना चिकटण्याआधीच पाण्याचा लोंढा तिच्यावर येतो आणि दोरी हातातून निसटते.

उभे राहिल्यावर पुढचा पाय म्हणजे वेग आणि मागचा पाय म्हणजे ब्रेक. घाबरलेला माणूस नेहमी मागे झुकतो, म्हणजे ब्रेकवर उभा राहतो, आणि जड माणसाचा ब्रेक लवकर लागतो. पाय फळीवर नेहमीपेक्षा वीतभर पुढे ठेवले तर अर्धे प्रश्न सुटतात.

पडण्याची भीती फारशी बाळगू नये. ताशी १७ किलोमीटरने पाण्यात पडणे मऊ असते. लागते ते बहुधा फळीचेच. पडताना ती पायाने लांब ढकलावी आणि वर येताना एक हात डोक्यावर धरावा. समुद्रातल्या सर्फिंगसारखी फळी पायाला बांधायची नाही, आणि दोरी कधीही मनगटाला गुंडाळायची नाही.

लाइफ जॅकेटविषयी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. जड माणसाला जास्त तरंगशक्तीचे जॅकेट लागते, असे सगळ्यांना वाटते. तसे नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या माहितीप्रमाणे बहुतेक प्रौढांना डोके पाण्यावर ठेवण्यासाठी ७ ते १२ पौंड, म्हणजे तीन ते साडेपाच किलोंचा जादा आधार पुरतो, वजन कितीही असो. पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणीच पेलते. आणि चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्याने लठ्ठ माणूस उलट सडसडीत माणसापेक्षा सहज तरंगतो. जॅकेट निवडायचे ते छातीच्या घेरावरून. नेहमीची चूक म्हणजे घट्ट होते म्हणून पट्टे सैल सोडणे. मग पडल्याबरोबर जॅकेट वर सरकून हनुवटीत अडकते आणि माणूस त्याच्या आत खाली घसरतो. घालून दोन्ही हात वर करावेत आणि दुसऱ्याला खांद्यापाशी जॅकेट वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत आले तर माप चुकले. हवा भरून फुगणारी पट्ट्यासारखी जॅकेटे या खेळाला चालत नाहीत.

वजन जास्त असलेल्यांत रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात, त्यामुळे काहींनी पाण्यात उतरण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा अलीकडेच अँजिओप्लास्टी झाली असेल तर हा मोसम जाऊ द्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्यावर फळी बसली, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उतरण्याआधी साखर तपासावी आणि बोटीत गोड काहीतरी ठेवावे. पाण्यात साखर उतरल्याची थरथर थंडीची वाटते. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाण्यातले बूट घालावेत, कारण उन्हात तापलेली बोटीची फरशी आणि रबरी पॅडचे खरचटणे त्यांना जाणवत नाही. आणि भारतातून मुलांकडे गेलेल्या आईवडिलांनी प्रवास विम्याची पॉलिसी वाचावी. साहसी खेळातली दुखापत बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते, आणि अमेरिकेतले रुग्णालयाचे बिल फळीहून कितीतरी जड असते.

बोट कोणती, हा प्रश्न फळीच्याही आधीचा आहे. वेकसर्फिंग करणारा माणूस बोटीपासून अवघा तीन-चार मीटर मागे असतो. म्हणून ज्या बोटीचा पंखा बुडाखाली, मागच्या टोकापासून बराच आत असतो, तीच चालते. मागे लटकवलेल्या आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीमागे हा खेळ कधीच करायचा नाही. तिथे पडलेला माणूस आणि फिरते पाते यांच्यात काही अंतर उरत नाही. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या बहुतेक बोटी याच आउटबोर्ड जातीच्या आहेत. त्या खेळाची फळी सामानातून घेऊन येणाऱ्या पाहुण्या भाच्याला हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

दुसरा धोका दिसत नाही, त्याला वासही नसतो. बोटीच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे जे मृत्यू होतात ते याच वायूने. उघड्या तळ्यावर तो काय करणार, असे वाटते. पण बोट हळू चालत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथेच घोळत राहतो. वेकसर्फिंगमध्ये बोट तासन्‌तास हळूच चालते, माणूस तिच्या मागेच असतो आणि मुले पाहायला मागच्या फलाटावर बसलेली असतात. २००० साली लेक पॉवेलवर हाउसबोटीच्या मागे पोहणारे ८ आणि ११ वर्षांचे दोन भाऊ या वायूने दगावले. त्यानंतर अमेरिकेत या प्रश्नाचा कसून तपास झाला, आणि चालत्या बोटीच्या मागच्या फलाटाला धरून पाण्यात लोंबकळण्यावर कॅलिफोर्नियाने २००५ पासून बंदी घातली. धूर पाण्याखाली सोडणाऱ्या नळीची सोय असलेली बोट मिळाली तर तीच घ्यावी. मागच्या फलाटावर कुणीही असताना इंजिन बंद हवे. जड नवशिक्याला उठायला जास्त प्रयत्न लागतात, म्हणजे तो त्या धुरात इतरांपेक्षा जास्त वेळ असतो आणि धापा टाकत असल्याने श्वासही जास्त घेतो. चार-पाच प्रयत्नांनंतर त्याला वर घेऊन बोट थोडी वेगात फिरवून आणावी.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, अंगातली शक्ती गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे ऊन लागण्याची किंवा बोट लागण्याची समजली जातात आणि माणसाला सावलीत, म्हणजे कित्येकदा धुरात, झोपवले जाते. कोविडनंतर घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालेच वाटते, त्यामुळे माणूस गुंगीत असताना आकडा ९८ दिसू शकतो. एकाच बोटीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर इंजिन बंद करावे, सगळ्यांना वाऱ्याच्या दिशेला मोकळ्यावर न्यावे आणि ९११ ला फोन लावावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. रुग्णालयात पोचल्यावर ‘बोटीच्या मागे होतो’ हे शब्द आठवणीने सांगावेत, म्हणजे तिथले डॉक्टर रक्ताची नेमकी तपासणी लगेच मागवतील.